उभं करून पाहणारे पिंजारी सर

रुग्ण दगावला म्हणून डॉक्टरची नोकरी गेल्याचं तुम्ही ऐकलं असेल. रुग्ण दगावला नाही म्हणून नोकरी गेलेला डॉक्टर मी एकच पाहिला. ते आमचे पिंजारी सर. आमच्या तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात ते भूलतज्ज्ञ होते आणि मी तिथल्या ऑपरेशन थिएटरची सिस्टर. त्यांची नोकरी गेली, माझी राहिली. त्यात माझा हात किती होता ते पुढे सांगतेच. आत्ताच सांगितलं तर तुम्ही बाकीचं ऐकून घेणार नाही.

सर उंचेपुरे, पण मानेत वाकलेले. आयुष्यभर दुसऱ्याच्या उशाशी बसून दुसरं काय होणार? नंदुरबारला त्यांच्या वडिलांचं गाद्या भरायचं दुकान होतं. कोणी विचारलं की म्हणत, "बाप गाद्या भरे, मी भूल देस. लोकेस्ले झोपाडाना धंदा आम्हना घरमा पहिलेपासूनच शे." हे ते इतक्या गंभीरपणे सांगत की ऐकणाऱ्याला हसावं की नाही ते कळत नसे. आमच्याशी ते अहिराणीत बोलत आणि सर्जन लोकांशी शुद्ध मराठीत. शुद्ध मराठी सुरू झाली की सर रागावलेत हे आम्ही ओळखून असायचो.

त्यांची एक खोड होती. हात मिळवला की ते लवकर सोडत नसत. माणसांना वाटे, काय जिव्हाळा आहे. प्रत्यक्षात त्यांची दोन बोटं तुमच्या मनगटावर गेलेली असत आणि डोळे घड्याळावर. धानोऱ्याला एका लग्नात नवरीच्या बापाने मांडवाच्या दारात त्यांना हात जोडले, तर यांनी तो हातच धरला. मग त्याला खुर्चीवर बसवलं, उठवलं, परत बसवलं, आणि शेजारच्या पोराबाळांचं सरबत काढून त्याला पाजलं. तो बिचारा सकाळपासून उन्हात उभा राहून पाहुण्यांचं स्वागत करत होता आणि पाणी प्यायचं विसरला होता. वऱ्हाडी म्हणाले, डॉक्टरसाहेबांना मानपान कळतो. आहेर मात्र सर घरीच विसरून आले होते.

माणसाला बसवायचं आणि उभं करायचं हा त्यांचा उद्योग ऑपरेशनच्या आधी हमखास चाले. रुग्णाचं आडवं असताना बीपी घ्यायचं, मग त्याला उभं करायचं, दोन मिनिटं थांबायचं आणि परत घ्यायचं. नवे डॉक्टर हसत. एकाने विचारलं, सर, शाळेत कवायतीचे मास्तर होतात का? सर म्हणाले, "असतो तर बरं होतं. कवायतीत चक्कर येऊन पडलेलं पोर आपोआप शुद्धीवर येतं."

मला त्यांनी हे सगळं एकदा नीट समजावून सांगितलं होतं. स्वतःच्या मानेवर दोन्ही बाजूंना बोट ठेवून म्हणाले, "सिस्टर, आठे एक आन् आठे एक, असा चौकीदार बठेल शेतस. रगतनं प्रेशर थोडं खाले गयं की ते हाक मारतस. मंग काळीज पळाले लागस, नसा आवळी लेतस, प्रेशर परत जागावर. मानूस खाटवरतून उठस तव्हय रोज हाईच व्हस, त्याले पत्ताबी नई लागत."

"मंग भूल दिनी की?" मी विचारलं.

"मी भूल देस तव्हय पेशंट एकटा नई झोपस, तो चौकीदारबी झोपस. प्रेशर खाले गयं तरी हाक माराले कोनी नई. मंग त्या चौकीवर कोन बठी? मी."

आणि ते खरोखर बसत. रुग्णाच्या उशाशी एक गोल स्टूल होतं, त्यावर. ऑपरेशन तीन तास चालो की पाच तास, ते उठत नसत. एखादा सर्जन उदार होऊन म्हणे, "पिंजारी सर, या चहा घेऊन, पेशंट अगदी स्टेबल आहे." सर म्हणत, "मी बसलोय म्हणून स्टेबल आहे." यांचा चहा आधी होई किंवा नंतर होई, मध्ये कधी झाला नाही.

टेबलाच्या बाबतीत तर ते फारच कडक. एकदा बाहेरून आलेल्या एका सर्जनने पित्ताशय नीट दिसावं म्हणून टेबलाची मूठ फिरवली आणि रुग्णाचं डोकं एका झटक्यात वर केलं. जागा माणूस असता तर शरीराने सांभाळून घेतलं असतं. हा झोपलेला. रक्त सगळं पायांकडे उतरलं, मॉनिटरवर वरचा आकडा साठावर आला, आणि हृदय आपलं जुन्याच चालीने चाललेलं. सरांनी टेबल परत आडवं केलं, पाय उचलले, एक औषध दिलं आणि आकडा वर येईपर्यंत नजर मॉनिटरवर ठेवली. सर्जनने विचारलं, "काय झालं?"

"काही नाही," सर शुद्ध मराठीत म्हणाले. "तुम्ही त्याला उभं केलंत, पण त्याला कळवलं नव्हतं."

त्या दिवसापासून थिएटरच्या भिंतीवर सरांच्या अक्षरातला कागद लागला: टेबल हलवण्याआधी मला विचारावे. आमच्या रुग्णालयात सूचना लावल्या की कोणी पाळत नाही, ही मात्र शिपायाने मनावर घेतली. ऑफिस रंगवायला काढलं तेव्हा तो सरांना शोधत थिएटरपर्यंत आला. म्हणाला, "साहेब, हेडक्लार्कसाहेबना टेबल सरकाडू का?" सरांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "सरकाड. धीरे."

अशा माणसाला कोण ओळखणार? रुग्ण शुद्धीत असतो तोवर यांचं काम सुरू झालेलं नसतं आणि काम सुरू झालं की रुग्ण तिथे नसतो. बरे झालेले लोक सर्जनला पेढे देत. रनाळ्याचा एक म्हातारा तर हर्नियाचं ऑपरेशन होऊन घरी जाताना सरांनाच विचारून गेला की डॉक्टर कुठे बसतात. सरांनी त्याला हाताला धरून सर्जनच्या खोलीपर्यंत पोहोचवलं. हात अर्थातच मनगटाला धरला होता.

आता उपाशीपणाचं सांगते, कारण सगळं महाभारत त्यावरून झालं. सरांचा नियम साधा होता. ऑपरेशनच्या आधी सहा तास खाणं बंद, साधं पाणी मात्र दोन तास आधीपर्यंत चालेल. हा नियम आमच्याकडे कोणालाच पटला नाही. पाणी पिऊ देणारं रुग्णालय लोकांना स्वस्तातलं वाटतं. उपास जितका कडक तितकं ऑपरेशन पक्कं, असा हिशेब. त्यामुळे सरांच्या तोंडून सहा तास निघाले की आमचे अधीक्षक, उगाच झंझट नको म्हणून, पाणीही बंद करत आणि 'रात्रीपासून' सांगत. मी फोन करताना सावधगिरी म्हणून 'संध्याकाळपासून' म्हणे. पुढे आशाताई. ती डोंगरातल्या पाड्यांवर घरोघर जाऊन तिथल्या पावरी बोलीत समजावून सांगणारी बाई, मोठी जबाबदार. ती 'आदल्या सकाळपासून' सांगे. मग घरातली सासू, सुनेचं काही वाईट व्हायला नको म्हणून, आणखी एक जेवण कापे. तोरणमाळचा घाट चढेपर्यंत सहा तासांचे दोन दिवस झालेले असत. कोणाच्याही मनात पाप नव्हतं, प्रत्येकाने आपल्या पदरचे थोडे तास घातले, इतकंच.

आणि माझ्या पदरचं आणखी एक होतं. प्रत्येक फायलीत 'शेवटचे खाणे-पिणे' असा एक रकाना असतो. त्या वर्षी मार्च संपता संपता दुर्बिणीच्या ऑपरेशनचं मोफत शिबिर लागलं. चौदा रुग्ण, मोठ्या शहरातले सर्जन, आणि उद्घाटनाला एक वजनदार पाहुणे. रकाने रिकामे दिसले की अधीक्षक ओरडतात, म्हणून मी आदल्या दिवशी चहा पिता पिता चौदाही फायलींत 'रात्री १०' लिहून टाकलं. कोणाला विचारलं नाही. तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते.

शिबिराची वेळ नऊची. पाहुणे आल्याशिवाय फीत कापायची नाही आणि फीत कापल्याशिवाय पोट कापायचं नाही, असं ठरलेलं. पाहुणे दीड वाजता आले. पिंजारी सर त्याआधी रुग्णांना पाहू शकले असते, पण सकाळीच एक अडलेली बाळंतीण आली आणि ते तिच्या उशाशी अडकले. भूल देणारा सबंध तालुक्यात एकच. ते मोकळे होऊन व्हरांड्यात आले तेव्हा एक वाजून गेला होता. चौदा माणसं भिंतीला टेकून बसलेली, ओठांना पांढऱ्या साली आलेल्या. सरांनी दोघांची जीभ पाहिली आणि म्हणाले, "सगळा उभा ऱ्हा."

चौदाही जण उभे राहिले आणि नेमके त्याच क्षणी पाहुणे आत आले. एवढी माणसं आपल्यासाठी उठून उभी राहिलेली पाहून त्यांना गहिवरून आलं. हात जोडून म्हणाले, "बसा, बसा, तुम्ही आजारी माणसं." अर्धे बसायला लागले.

"कोनी बठानं नई," सर मागून म्हणाले. "दोन मिनिट उभाच ऱ्हा."

मग पाहुणेही उभे, त्यांच्यामागची मंडळी उभी, हार घेतलेला शिपाई उभा, आणि सर एकेकाचं मनगट धरून रांगेतून फिरताहेत. फोटोग्राफरला वाटलं, हा काही कार्यक्रमाचा भाग आहे. त्याने भराभर फोटो काढले. दोन मिनिटं पुरी व्हायच्या आत रांगेतली पाच माणसं भिंतीवरून घसरत खाली बसली. त्यांत तोरणमाळची रायकीबाई होती. तिशीतली, काटक, पित्ताच्या खड्यांनी वर्षभर कळवळणारी. पहिलं ऑपरेशन तिचंच व्हायचं होतं. पाहुणे स्वतः मास्क धरून तिला भूल देताहेत, असा फोटोही ठरला होता.

"हिला आत्ता घेता येणार नाही," सर म्हणाले.

सर्जनना संध्याकाळची गाडी गाठायची होती. त्यांनी फाईल उघडली. "का? बीपी एकशे अठरा शहात्तर. अगदी नॉर्मल आहे."

"नॉर्मल आहे असं नाही. तिने नॉर्मल ठेवलंय." सरांचं मराठी फारच शुद्ध झालं होतं. "अंगात पाणी नाही. नसा आवळून, हृदय पळवून कसंबसं ते एकशे अठरा धरून ठेवलंय. तपासणीच्या दिवशी आपलं रुग्णालय कसं असतं? चादरी पांढऱ्या, नळाला पाणी, सगळा स्टाफ हजर. तसं आहे हे. मी भूल दिली की तपासणी संपली. मग जे खरं आहे ते दिसेल, आणि ते दिसल्यावर करण्यासारखं फार काही उरणार नाही."

अधीक्षकांचे कान लाल झाले. पाहुण्यांसमोर नळाची गोष्ट काढायची काही गरज नव्हती. ते दातओठ खात म्हणाले, "सर, फाईलमध्ये स्पष्ट लिहिलंय, रात्री दहापासून उपाशी. एका रात्रीच्या उपासाने माणूस वाळतो का?"

सरांनी आशाताईला विचारायला सांगितलं. तिने पावरीत विचारलं, रायकीबाईने बोटांवर मोजत उत्तर दिलं, आणि आशाताई खाली मान घालून म्हणाली, "परवा सांजले भाकर खादी शे. पानी काल सकायले. जीपमा उल्टी व्हई म्हनीसन सासूनी पानीबी नई दिधं."

सरांनी अधीक्षकांच्या हातातली फाईल घेतली, तो रकाना वाचला आणि फाईल मिटून काखेत धरली. माझ्याकडे पाहिलं नाही. मी चार हात अंतरावर ट्रे घेऊन उभी होते. तोंड उघडायला तेवढा वेळ पुरला असता. मी उघडलं नाही.

पाहुण्यांनी तडजोड सुचवली. "डॉक्टर, नुसता मास्क धरू द्या. फोटोपुरता."

"धरा की," सर म्हणाले. "मात्र एकदा धरला की बाई शुद्धीवर येईपर्यंत सोडता येत नाही. मी तरी सोडत नाही."

पाहुण्यांना पुढे आणखी दोन उद्घाटनं होती. ते गेले. जे नऊ जण नीट उभे राहिले होते त्यांना सरांनी आधी घेतलं, उरलेल्या पाचांना सलाइन लावलं. रायकीबाईची पाळी रात्री साडेआठला आली. तीन बाटल्या आत गेल्या होत्या, डोळ्यांत ओल आली होती. सरांनी औषध जपून, थेंबाथेंबाने दिलं. तरीही आकडा उतरायला लागला. शंभर, नव्वद, अठ्ठ्याहत्तर. आणि हृदयाची टकटक वाढायला हवी ती वाढेना. हाक मारणारा झोपला होता. सरांनी बाटली दाबून धरली, हातातलं तयार औषध दिलं, आणि आकडा मुकाट्याने वर चढला.

"देखं का सिस्टर," ते हळूच म्हणाले. "तीन बाटल्या जाईसनबी हाई गत."

दुपारी, कोरड्या अंगाने, पाहुण्यांच्या हातचा मास्क लावून तिला झोपवलं असतं तर आकडा कुठे थांबला असता ते मला दिसलं. तिला मारायला पुरेल असा एक आकडा मी लिहिला होता, निळ्या शाईत, चहाचा घोट घेता घेता. रायकीबाई शुद्धीवर आली आणि तिने सगळ्यात आधी पाणी मागितलं. तिसऱ्या दिवशी घरी जाताना तिने सर्जनच्या खुर्चीला नमस्कार केला, कारण सर्जन तर त्याच रात्रीच्या गाडीने गेले होते.

शिबिर यशस्वी झाल्याची बातमी आली. अधीक्षकांना प्रशस्तिपत्र मिळालं आणि पिंजारी सरांना नोटीस. त्यात तीन मुद्दे होते. पाहुण्यांसमक्ष रुग्णांना उभे करून ठेवले. शिबिरास विलंब केला. आणि तिसरा असा की, फाईलमध्ये उपवासाची वेळ रात्री दहा नोंदलेली असताना रुग्ण दोन दिवस उपाशी असल्याचे आपण कशाच्या आधारे जाहीर केले?

या तिसऱ्या मुद्द्याचं उत्तर एका ओळीचं होतं. सिस्टरची नोंद खोटी आहे. चौदा फायली पुढे टाकल्या असत्या तर शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मला निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. मी रोज सकाळी कामावर येताना ठरवायची की आज बोलायचं, आणि रोज संध्याकाळी न बोलता घरी जायची. महिना गेला. सरांनी उत्तर दिलं: माझा निर्णय रुग्णाच्या नाडीवर होता, नोंदीवर नव्हता. एवढंच. त्यांचा करार अकरा महिन्यांचा असे आणि दर वेळी आपोआप वाढे. या वेळी पत्र आलं की वाढवण्याची आवश्यकता वाटत नाही.

करारावरच्या माणसाला निरोपसमारंभ नसतो. शेवटच्या दिवशी दुपारी ते लॉकरची किल्ली द्यायला थिएटरमध्ये आले. मी एकटीच होते. माझ्या तोंडून एकदम निघून गेलं, "सर, ती नोंद मन्ही व्हती. कोनलेच न इचारता लिखी व्हती."

"मालूम शे."

"कसं काय?"

"चौदा मानसं. कोनी तोरणमाळनं, कोनी धानोरानं, आन् सगळा बराबर दहा वाजता हात धुतीन? आपला जिल्हामा चौदा मानसं कधी एक टाइमले जेवनात का, सिस्टर?"

मला हसूही आलं आणि रडूही. रडूच जास्त आलं. मी विचारलं, "मंग नोटीसना जबाबमा लिखं का बरं नई?"

सर किल्ली टेबलावर ठेवत म्हणाले, "लिखतू तर तुम्हले काढतात. तुम्हनी जागावर नवी सिस्टर येती. तिले हाई समजाडाले आजून एक रायकीबाई लागती."

ते गेले. मी डोळे पुसले, दुसऱ्या दिवशीच्या ऑपरेशनच्या फायली उचलल्या आणि वॉर्डात आले. पहिल्याच खाटेवर एक म्हातारा होता. मी त्याला विचारलं, बाबा, शेवटचं पाणी कधी प्यायलात? तो अभिमानाने म्हणाला, "काल सकायपासून थेंब नई पिधा, सिस्टर."

ऑपरेशन उद्या सकाळी होतं, भूल द्यायला जिल्ह्याहून कोणीतरी येणार होतं. मी त्याच्या हातात तांब्या दिला आणि तो रिकामा होईपर्यंत खाटेपाशी उभी राहिले. खिडकीतून खाली सर गाडीला किक मारताना दिसत होते. तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली आणि ते फाटकातून बाहेर पडले.